आधी माणूस मोजा, मग सायकल बघा : घरासाठी परवडणारी एक्सरसाईज बाईक घेताना

आमच्याकडे पहिली एक्सरसाईज बाईक आली ती फोटो बघून. ऑफर चालू होती, स्क्रीन मोठी होती, आणि आईचे गुडघे दुखायला लागले म्हणून डॉक्टरांनी सायकल चालवा सांगितलेलं, त्यामुळे घाईही होती. खोका फोडला, जोडली, सीट सगळ्यात खालच्या होलमध्ये टाकली, आई कशीबशी चढून बसली आणि म्हणाली, "अगं, पाय पोचतच नाही." आईची उंची ४ फूट ११ इंच. पेडल खाली गेलं की तिचा पाय सुटायचा आणि ती एका बाजूला कलंडायची. ती सायकल शेवटी मावसभावाकडे गेली.

दुसरी घेताना मात्र मी आधी टेप काढला, मग दुकान. म्हणून माझं सगळ्यांना एकच सांगणं असतं की स्क्रीन, ॲप, कॅलरी हे सगळं नंतर बघा, आधी घरात ती सायकल कोण चालवणार ते ठरवा आणि त्या माणसाचं माप घ्या. बजेट कमी असेल तर हे जास्तच लागू पडतं, कारण स्वस्तातल्या सायकलला ॲडजस्टमेंट कमी असतात, एकदा बसली नाही की नाहीच बसत.

आधी हे ठरवा : बसणार कोण?

घरातले सगळे वापरतील असं आपण म्हणतो पण रोज बसणारा माणूस एक किंवा दोनच असतात. त्यांचं वय, वजन, गुडघा-कंबर कशी आहे, चढता-उतरताना पाय किती वर उचलता येतो, हे लिहून काढा. हार्टचा त्रास असेल, बीपी कंट्रोलमध्ये नसेल, नुकतं ऑपरेशन झालं असेल तर सायकल बघायच्या आधी डॉक्टरांना विचारा. किती वेळ आणि किती जोर चालेल हेही त्यांच्याकडूनच घ्या, नुसतं "चालवा" एवढ्यावर येऊ नका.

वजनाची मर्यादा कंपनी देते, बऱ्याच घरगुती सायकलींना १०० ते १२० किलो असते. माणूस ९५ किलोचा असेल तर १०० वाली घेऊ नका, पंधरा-वीस किलो हातचे ठेवा. मर्यादेच्या काठावर सायकल डुगडुगते आणि डुगडुगणाऱ्या सायकलवर माणूस आठवड्याच्या वर बसत नाही.

आता माप

हे पाच मिनिटांचं काम आहे आणि यातच सगळं आहे. अनवाणी भिंतीला पाठ लावून उभं राहायचं, दोन पायात वीतभर अंतर. जाड पुठ्ठ्याचं पुस्तक दोन पायांच्या मध्ये धरून वर जांघेपर्यंत घट्ट दाबायचं, सीटवर बसल्यासारखं वाटलं पाहिजे. पुस्तकाची वरची कड भिंतीला जिथे टेकते तिथे पेन्सिलने खूण करायची आणि जमिनीपासून खुणेपर्यंत मोजायचं, शिवणाचा कापडी टेप चालतो.

आईचं आलं ६७ सेंटिमीटर, बाबांचं ७९. या आकड्याला १.०९ ने गुणायचं. सायकलच्या दुनियेतला हा जुना हिशोब आहे, सीटच्या वरच्या भागापासून अगदी खाली गेलेल्या पेडलपर्यंतचं अंतर साधारण इतकं हवं. आईचे झाले ७३, बाबांचे ८६. म्हणजे आमच्या घराला अशी सायकल हवी जिची सीट पेडलपासून ७३ सेंटिमीटरपर्यंत खाली येते आणि ८६ पर्यंत वर जाते. खालच्या बाजूला अजून दोन-तीन सेंटिमीटर जागा असली तर उत्तम, कारण गुडघा दुखत असेल तर सुरुवातीला सीट जरा कमी-जास्त करून बघावी लागते.

आता हा आकडा वेबसाईटवर सहसा नसतो. तिथे लिहिलेलं असतं की ५ फूट ते ६ फूट उंचीसाठी योग्य, त्यावर अजिबात जाऊ नका. दुकानात जाऊन स्वतः टेप लावा, किंवा ऑनलाईन घेत असाल तर सेलरला सरळ प्रश्न टाका की सीट सगळ्यात खाली असताना सीटपासून खालच्या पेडलपर्यंत किती सेंटिमीटर. उत्तर नाही आलं तर ती सायकल सोडा, दुसऱ्या भरपूर आहेत.

अजून एक, सीटच्या दांड्याला होल असतात आणि पिन लावायची असते, त्या दोन होलमध्ये किती अंतर आहे ते बघा. अडीच-तीन सेंटिमीटर असेल तर ठीक, त्याहून जास्त असेल तर एका होलवर सीट खाली वाटते आणि पुढच्या होलवर वर वाटते, मधलं काही मिळतच नाही.

माणसाबरोबर जागाही मोजा. साध्या सायकलला साधारण साडेतीन फूट बाय दोन फूट जागा लागते, शिवाय एका बाजूला चढायला-उतरायला दोन फूट मोकळे. आणि ही जागा कायमची हवी. रोज पलंगामागून ओढून काढायची सायकल रोज चालवली जात नाही, हे मी दोन घरात बघितलंय.

कोणता प्रकार

बाजारात नावं खूप आहेत पण आपल्या बजेटमध्ये मुख्य चार-पाच प्रकार येतात. किमती मी अंदाजे देतेय, ऑफरप्रमाणे वरखाली होतात.

एअर बाईक म्हणजे जिचे हँडल पुढेमागे हलतात, हातांनाही व्यायाम होतो, साधारण सात ते दहा हजारात मिळते म्हणून सगळ्यात जास्त खपते. नावात एअर असलं तरी स्वस्तातल्या बऱ्याच मॉडेलमध्ये जोर वाढतो तो चाकाभोवतीचा पट्टा नॉबने आवळून. पट्टा घासतो, आवाज होतो, काही महिन्यांनी झिजतो. घरात तरुण मंडळी असतील आणि घाम काढायचा असेल तर वाईट नाही. पण चाक उघडं किंवा नुसत्या जाळीचं असतं आणि आपल्याकडे ओढणी, साडीचा पदर, लहान मुलांची बोटं हा खरा धोका आहे. आई घरात साडी नेसते, त्यामुळे हा प्रकार आम्ही तिथेच बाद केला.

मॅग्नेटिक अपराईट, म्हणजे सरळ बसायची, चाक पूर्ण कव्हरच्या आत. यात लोहचुंबक चाकाच्या जवळ-लांब सरकतात, चाकाला टेकत नाहीत, त्यामुळे घासणारं काही नाही, झिजणारं काही नाही आणि आवाज फार कमी. नॉबवर १ ते ८ असे आकडे असतात. नऊ ते पंधरा हजारात चांगली येते. फ्लॅटमध्ये राहणाऱ्या, पहाटे चालवणाऱ्या, वयस्कर माणसं असलेल्या बहुतेक घरांना मी हीच सांगेन, आमच्याकडेही हीच आहे.

रिकम्बंट म्हणजे खुर्चीसारखी सीट, पाठीला टेका आणि पेडल समोर. कंबरदुखी, तोल जाण्याची भीती, पाय उचलून ओलांडता न येणं, यातलं काही असेल तर हीच घ्या, जरा महाग पडली आणि जागा जास्त खाल्ली तरी. पैसे इथे वाचवू नका.

स्पिन बाईक जिममध्ये असते ती, पुढे वाकून चालवायची, जड चाक. बऱ्याच स्पिन बाईकमध्ये पेडल चाकाला पक्कं जोडलेलं असतं, तुम्ही पाय थांबवले तरी चाक फिरत राहतं आणि पायांना ओढत नेतं, थांबवायला नॉब खाली दाबावा लागतो. आईवडिलांसाठी म्हणून ही आणू नका.

फोल्डिंग एक्स बाईक, म्हणजे इंग्रजी एक्ससारख्या फ्रेमची, घडी होणारी, छोट्या घरासाठी चालते, पण पाया अरुंद असतो, जड माणसाला डुगडुगते. आणि ते दोन हजारात मिळणारं नुसतं पेडल, खुर्चीसमोर ठेवायचं, ते पाय हलते ठेवायला ठीक आहे, त्याला सायकलचा व्यायाम समजू नका, जोर लावला की ते फरशीवर सरकतं.

दुकानात काय बघायचं

सेल्समन पहिल्यांदा फ्लायव्हील, म्हणजे पेडलने फिरणारं चाक, किती किलोचं ते सांगतो. जड चाकाने पेडल एकसारखं फिरतं हे खरं, पण नुसतं वजन पुरत नाही, चाक केवढं मोठं आणि तुमच्या एका पेडलमागे ते किती वेळा फिरतं यावरही सगळं अवलंबून असतं. म्हणून चार किलोचं पटापट फिरणारं चाक सहा किलोच्या हळू चाकाइतकंच मऊ लागू शकतं. यावर उपाय एकच, स्वतः बसा आणि निदान दहा मिनिटं चालवा, लाजू नका. एक नंबरवर आणि शेवटच्या नंबरवर फरक कळतो का? हळू चालवताना पेडल वरून खाली येताना झटका बसतो का? हँडलला धरून अंग डावी-उजवीकडे हलवलं तर सगळी सायकल हलते का? कान लावा, खरखर किंवा टकटक येत असेल तर नवीन असतानाच येतेय, पुढे वाढणारच.

ज्याच्यासाठी घ्यायची त्यालाच घेऊन जा. आईला मी तीन दुकानं फिरवली, ती कंटाळली, पण तिसऱ्या दुकानात ती बसली आणि न बोलता पाच मिनिटं चालवतच राहिली.

सीट नीट बघा. खालचा क्लॅम्प साध्या सायकलसारखा असेल तर उद्या टोचली तर कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याकडून दुसरी सीट आणून बसवता येते. काही सायकलींना सीट नटबोल्टने वेगळ्याच पद्धतीने ठोकलेली असते, मग कंपनीचीच मागवत बसावं लागतं. हँडल आपल्याकडे ओढता आलं किंवा सीट पुढेमागे सरकली तर फार चांगलं, बुटक्या माणसाला लांबचं हँडल पकडून मान आणि खांदे दुखतात.

स्क्रीनबद्दल थोडक्यात. वेळ आणि स्पीड दिसलं की पुरे. कॅलरीच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका, बहुतेक स्वस्त स्क्रीन तुमचं वजन विचारतच नाहीत, मग ५० किलोच्या माणसाला आणि ९० किलोच्या माणसाला आकडा एकच. हँडलवरचं पल्स मोजणंही ढोबळच, हार्ट पेशंटने त्यावर अवलंबून राहू नये. ब्लूटूथसाठी दोन-तीन हजार जास्त मागत असतील तर ते पैसे फ्रेम चांगली असलेल्या मॉडेलमध्ये घाला, मोबाईल समोर ठेवायला साधा स्टँड बास.

वॉरंटी किती वर्षं यापेक्षा आपल्या पिनकोडला सर्व्हिसवाला येतो का आणि पेडल, क्रँक (पेडल ज्याला जोडतात तो दांडा), सीट हे पार्ट सुटे मिळतात का हे विचारा. आणि पूर्ण बजेट सायकलवर उडवू नका, खाली रबर मॅट लागते (खालच्या मजल्यावाल्यांना हादरे जाऊ नयेत आणि फरशीवर ओरखडे पडू नयेत) आणि एक टेबल फॅन. बाहेर सायकल चालवताना वारा लागतो, घरात लागत नाही, दहा मिनिटात माणूस घामाने निथळतो आणि व्यायाम जड गेला असं समजून उतरतो.

सेकंड हँड

बजेट पाच-सहा हजारच असेल तर नवीन फालतू घेण्यापेक्षा जुनी चांगली मॅग्नेटिक घ्या, मनापासून सांगतेय. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नुसतं "कोणाकडे पडून आहे का" टाकून बघा. बघायला गेलात की टॉर्च आणि टेप न्या. डावं पेडल हाताने धरून आत-बाहेर हलवा, खेळ असेल तर क्रँक गेलेला असू शकतो. सीटचा दांडा पूर्ण बाहेर काढून आतला गंज बघा, स्क्रीनच्या मागचं बॅटरीचं झाकण उघडून सेल गळलेत का बघा, नॉब पूर्ण फिरवून प्रत्येक आकड्याला फरक पडतो का बघा. मॅन्युअल नसेल तर चालेल, पण मॉडेल नंबरचं स्टिकर हवं, त्याशिवाय पार्ट शोधता येत नाही.

जोडताना, विशेषतः डावं पेडल

खोका वीस-तीस किलोचा असतो, दोघं जण हवेत. आधी सगळे नट हाताने नुसते लावून घ्या, सायकल सपाट फरशीवर उभी करा, मगच पान्याने आवळा, नाहीतर फ्रेम तिरकी बसते. हँडलचा खांब बसवताना आत दोन गोष्टी असतात, एक स्क्रीनची वायर आणि एक नॉबची केबल. वायर दोन नळ्यांच्या मध्ये चिरडली की स्क्रीनवर स्पीड शून्यच दिसतो. केबलचं टोक खालच्या हुकमध्ये अडकवायचं असतं, ते विसरलं तर नॉब फिरतो पण जोर बदलत नाही, आणि लोक समजतात सायकल खराब आली.

आता पेडल. आमच्या पहिल्या सायकलचं डावं पेडल दादाने नेहमीच्या नटसारखं उजवीकडे फिरवून आवळायला घेतलं. दोन आटे बसल्यासारखे वाटले म्हणून पान्याने जोर दिला, आणि आटे तिरके चिरले. क्रँकच बदलावा लागला, पार्ट यायला तीन आठवडे गेले. तर लक्षात ठेवा, डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. उजवं पेडल घड्याळाच्या दिशेने आवळायचं, डावं घड्याळाच्या उलट दिशेने. असं मुद्दाम केलेलं असतं, चालवताना पेडल आपोआप सुटू नये म्हणून. पेडलच्या दांड्याच्या टोकाला एल आणि आर कोरलेलं असतं, डावी-उजवी बाजू सायकलवर बसलेल्या माणसाची धरायची. पहिले तीन-चार आटे फक्त बोटांनी, लोण्यासारखे गेले पाहिजेत, अडकलं की काढा आणि परत लावा. मगच पाना, आणि चांगलं घट्ट. आठवड्याने एकदा परत आवळा, मग महिन्यातून एकदा. ढिलं पेडल तसंच चालवत राहिलं तरी आतले आटे खाल्ले जातात.

सीट लावणं आणि पहिले दिवस

मापाने सीट अंदाजे लागली, आता बसून बघायचं. टाच पेडलवर ठेवा, पेडल अगदी खाली, गुडघा जवळजवळ सरळ झाला पाहिजे. मग पंजा पेडलवर आणला की गुडघ्यात थोडा बाक राहतो, तेवढाच हवा. पेडल मारताना कंबर डावी-उजवीकडे झुलत असेल तर सीट वर आहे. चार-पाच दिवसांनी गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखायला लागलं तर बहुधा सीट खाली आहे, मागच्या बाजूला दुखलं तर वर. एकेक होल बदलून बघा. सीट खाली ठेवली की सुरक्षित वाटतं म्हणून वयस्कर माणसं सीट खालीच ठेवायला लावतात, आणि मग गुडघा जास्त वाकून जास्त दुखतो. इथे जरा समजावून सांगावं लागतं.

सुरुवात आठ-दहा मिनिटांनी, नंबर एक किंवा दोनवर. आईला मी सकाळी आठ मिनिटं आणि संध्याकाळी आठ मिनिटं असं सांगितलेलं. जोर वाढवण्यापेक्षा आधी लय धरा. पंधरा सेकंदात उजवा गुडघा किती वेळा वर येतो मोजा आणि चारने गुणा, १५ वेळा म्हणजे मिनिटाला ६०, सुरुवातीला एवढं पुष्कळ. जड नंबरवर हळू हळू रेटणं गुडघ्याला सगळ्यात वाईट. बोलता आलं पाहिजे पण गाणं म्हणता येऊ नये, तेवढा दम लागला की बरोबर चाललंय. दर आठवड्याला तीन-चार मिनिटं वाढवत नेलं की दीड-दोन महिन्यात अर्धा तास होतो. जागतिक आरोग्य संघटना मोठ्यांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, म्हणजे अर्धा तास पाच दिवस केलं की खालची मर्यादा गाठली. छातीत दुखलं, गरगरलं, दम आवरेना झाला तर तिथेच थांबायचं आणि डॉक्टर. आणि थोडं चालणंही चालू ठेवा, सायकलवर शरीराचं वजन सीट घेते, हाडांना चालण्यातून मिळतो तसा भार तिथे मिळत नाही.

पहिल्या आठवड्यात सीट टोचतेच, ती सवयीने कमी होते. जेल कव्हरने फरक पडतो. पण मुंग्या किंवा बधिरपणा येत असेल तर सीटचं नाक वर झालंय का बघा, सीट जमिनीला समांतर करा.

देखभालीचं म्हणाल तर घाम हाच मोठा शत्रू, त्यातलं मीठ लोखंड खातं. चालवून झालं की हँडल, सीटचा दांडा आणि खालचे बोल्ट कोरड्या फडक्याने पुसा. बाल्कनीत ठेवू नका, आपल्याकडच्या पावसाळ्यात एका सीझनमध्ये बोल्ट गंजतात, कोकण आणि मुंबईकडे तर जास्तच. सीटच्या दांड्याला पावसाळ्याआधी बोटभर ग्रीस फिरवा, नाहीतर तो नळीत अडकून बसतो आणि मग सीट वरखाली होतच नाही. महिनाभर गावाला जाणार असाल तर स्क्रीनचे सेल काढून ठेवा.

दोघं जण वापरत असतील तर सीटच्या होलवर खूण करा. आमच्याकडे आईच्या होलला लाल नेलपॉलिशचा ठिपका आहे आणि बाबांच्या होलला पांढरा. बाबा उतरले की सीट खाली लाल ठिपक्यावर आणून ठेवतात, कारण आईला ती पिन ओढायला जड जाते.